निळी काच

निंबळगावात नवी सून आली, नवा मास्तर आला, की त्याला आधी देवळात न्यायचं आणि तिथून थेट शाळेच्या फाटकाशेजारची काच दाखवायला न्यायचं, हा रिवाज पडून आता बरीच वर्षं झाली होती. काच म्हणजे भिंतीत उभी बसवलेली हातभर लांबीची नळी. एरवी ती पाण्यासारखी स्वच्छ दिसे आणि तशी दिसली की गाव खुशीत असे. पण तिच्या तळाशी निळा उजेड दिसू लागला आणि वर चढू लागला, की गावाला घोर लागे. तोही पोरांना नव्हे, मोठ्या माणसांना. निंबळगावची खरी थोरवी यातच आहे. पण ती सांगण्याआधी काचेचं शास्त्र सांगायला हवं.

माणूस दारू प्यायला की तिचा बहुतेक भाग यकृत काही तासांत जाळून टाकतं. म्हणून तर तोंडाचा वास घेणारी पोलिसांची यंत्रं दुसऱ्या दिवशी हात हलवत परत जातात. पण दारूचा अगदी चिमूटभर अंश यकृत जाळत नाही, तर एका साखरेपासून बनलेल्या आम्लाशी त्याची गाठ मारून टाकतं. या जोडीचं नाव एथिल ग्लुकुरोनाइड. ही जोडी पुढे दोन-तीन दिवस लघवीवाटे बाहेर पडत राहते आणि दारू पोटात गेल्याशिवाय ती सहसा तयार होत नाही. डॉ. शबाना शिकलगार या तालुक्याच्याच मुलीने बंगळूरच्या प्रयोगशाळेत एक प्रथिन बनवलं. ते बरोबर या जोडीला मिठी मारतं आणि मारताक्षणी निळं चमकतं. या प्रथिनाचा लेप दिलेली पट्टी शाळेत मुलामुलींच्या मुतारीच्या निचऱ्यात बसवायची, शिक्षकांचा निचरा वेगळा ठेवायचा, आणि पट्टीवरचा उजेड काचतंतूतून बाहेरच्या नळीत आणायचा. झालं यंत्र! शाळेतली किती मुलं चोरून पितात याचा अंदाज त्या नळीत येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसे. कोण पितं, हे मात्र तिला कळत नसे.

आणि ते कळू नये, हा आग्रह छायाक्कांचा.

छायाक्का जमदाडे म्हणजे निंबळगावची तोफ. ऐन तिशीत त्यांनी गावातल्या बायकांना दारूबंदीच्या मतदानाला उभं केलं होतं. कागदावर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडवीवर शिक्का म्हणजे बंद. शाळेसमोरचं दारूचं दुकान त्या दिवशी जे आडवं झालं ते पुन्हा उठलं नाही. आता छायाक्का साठीला आल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते, पण आवाज तसाच होता. काच बसवायच्या दिवशी त्यांनी सगळ्या गावाला बजावलं होतं, "एक ध्यानात ठेवा. पोराला हुडकायचं न्हाई. वाट हुडकायची. पोरगं काय आईच्या पोटातनं बाटली घेऊन येत न्हाई. कुणीतरी मोठ्यानं ती त्याच्या हाताला लागू दिलेली असती. त्या मोठ्यानं उभं राहायचं."

गावाने हे ऐकलं, एवढंच नव्हे तर पाळलं. काच चढली की शाळेची घंटा वेळ नसताना वाजे, गाव मैदानात जमे आणि मोठी माणसं आपापल्या घरापासून विचार करायला लागत. एकदा ट्रॅक्टरच्या हत्यारपेटीत अर्धी बाटली विसरणारा एक काका आपणहून उभा राहिला आणि भर सभेत कान धरून खाली बसला. एकदा औषधांच्या ड्रोनवाल्याने कबूल केलं, की पार्सलात काय आहे हे न बघता तो शाळेमागे डबे टाकून जात होता. दोन्ही वेळा आठवड्याभरात काच उतरली आणि कुठल्या पोराचं नाव कुणी विचारलं नाही. दुसऱ्या जिल्ह्यांतली माणसं हे बघायला येत. येताना यंत्राची माहिती विचारत येत आणि जाताना माणसांबद्दल बोलत जात. ज्या गावाला स्वतःकडे बोट दाखवता येतं, त्या गावाला काय म्हणावं? मला तरी नमस्कारापलीकडे काही सुचत नाही.

पण यंदा द्राक्षांची छाटणी झाली, थंडी पडली, आणि काच चढली ती उतरेचना.

घंटा वाजली, गाव जमलं, कुणी उभं राहिलं नाही. पुन्हा घंटा, पुन्हा सभा. निळा उजेड अर्ध्या नळीवर येऊन बसला. छायाक्का दारूबंदी समितीच्या बायकांना घेऊन घरोघर फिरल्या. माळे तपासले, बागेतल्या औषधांच्या खोल्या तपासल्या, ज्यांचे मुलगे शहरातून येतात त्यांच्या बॅगासुद्धा उघडायला लावल्या. काही सापडलं नाही. प्रत्येक घरात त्यांना बसायला पाट आणि घोटभर चहा मात्र मिळाला.

शबाना आली. तिने पट्टी बदलली, तीनदा तपासली आणि म्हणाली, "यंत्र बरोबर आहे, अक्का. बरं, मुलांना खोकल्याचं औषध, एखादं आसव, अरिष्ट असं काही चालू आहे का? त्यातही दारूचा अंश असतो."

"आमच्या बचत गटाचं द्राक्षासव असतंय की घराघरात," छायाक्का म्हणाल्या. "पण त्यात दारू न्हाई. आम्ही घालतच न्हाई. द्राक्षं, गूळ, धायटीची फुलं, लवंग, वेलदोडा. माझ्या डोळ्यांदेखत भरतात बायका."

"आणि मुलांना किती देता?"

"दोन चमचे. खो-खोच्या पोरींना ताकदीला."

दोन चमच्यांनी काच एवढी चढायची नाही, हा हिशेब शबानाने मनात केला आणि तो विषय तिथेच सोडला. छायाक्कांवर अविश्वास दाखवायचा तिला विचारही सुचला नाही. तालुक्यात कुणालाच सुचला नसता.

सरपंच दिनकर खराडे मात्र अस्वस्थ झाले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांचा मुलगा नववीत होता आणि काच चढल्यापासून त्यांना झोप नव्हती. एका संध्याकाळी त्यांनी छायाक्कांच्या ओट्यावर बसून नव्या यंत्राची माहिती दिली. प्रत्येकाच्या पोटात कोट्यवधी जंतूंची वस्ती असते आणि कुठले जंतू किती, हे प्रमाण माणसागणिक वेगळं असतं. अंगठ्याच्या ठशासारखंच म्हणा, आणि त्याची खूण लघवीतही उतरते. प्रत्येक मुलाचा नमुना एकदा घेऊन ठेवला, की नवं यंत्र निचऱ्यातल्या प्रत्येक वेळच्या पाण्यावरून सांगणार, की हे अमक्याचं, आणि यात दारू आहे.

"म्हणजे नाव सांगणार," छायाक्का म्हणाल्या.

"नाव सांगणार. आणि अक्का, शाळेच्या संस्थेनं पण कळवलंय. नाव निघालं की शाळेतनं दाखला हातात. तुमची वाट हुडकायची रीत लई चांगली होती, पण वाट घावंना झालीय. गुरुवारच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार. तुम्ही आडवं येऊ नका."

छायाक्का खरोखरच आडव्या आल्या नाहीत. हे त्यांच्या बाबतीत इतकं नवीन होतं, की खराडेच कावरेबावरे होऊन उठले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमाराला त्या मैदानावर गेल्या. त्यांची नात शर्वी दहावीत होती आणि खो-खोच्या संघाची कप्तान होती. मुलगा-सून पुण्यात नोकरीला, नात मात्र हट्टाने आजीजवळ राहिलेली. आजीचं तिच्यावाचून पान हलत नसे आणि हे दोघींनाही चांगलं ठाऊक होतं. मैदानावर सराव चालला होता. पोरी खांबाला वळसा घालत होत्या, एकमेकींवर ओरडत होत्या. छायाक्का कडेच्या बाकावर टेकल्या. तिथेच पोरींच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. उन्हात चालून घसा सुकला होता, म्हणून त्यांनी शर्वीची बाटली उचलली आणि टोपण काढलं.

वास आला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. लवंग, वेलदोडा, मुरलेला गूळ, काळं द्राक्ष. हा वास त्यांना झोपेतही ओळखू आला असता. बाटली जवळजवळ भरलेली होती आणि तिच्यात पाणी नावालाच होतं. त्यांनी शेजारची बाटली उघडली. तिथे तोच वास. तिसरी उघडायचं त्यांना धैर्य झालं नाही.

सराव संपवून शर्वी धापा टाकत आली, आजीच्या हातातली बाटली बघितली आणि जागच्या जागी थबकली.

"किती दिस झालं?" छायाक्कांनी विचारलं.

"काय किती दिस?"

"शर्वे, मला येडी समजू नको."

शर्वीचा चेहरा लाल झाला आणि ती फाडकन बोलली, "तूच देत होतीस की! आधी दोन चमचे. मग मास्तरांनी मॅचच्या आदल्या दिवशी अर्धी वाटी केली. ते घेतलं की भ्याच वाटत न्हाई, आज्जी. पाय हलकं हुत्यात. मग पेपरच्या आधी घेतलं. मग असंच."

"आगं पण दारू ती, दारू!"

"दारू कुठाय? तुझं आसव हाय. बाटलीवर तुझा फोटो हाय."

छायाक्का बाकावर बसूनच राहिल्या. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय हे त्यांनी भाषणांत अनेकदा सांगितलं होतं, आज कळलं. घरोघर फिरताना प्रत्येक देव्हाऱ्याशेजारी त्यांना ती बाटली दिसली होती. लेबलवर डोक्यावर पदर घेतलेल्या, हसऱ्या छायाक्का. त्यांनी माळे धुंडाळले, पेट्या उघडल्या आणि स्वतःच्या तोंडासमोरून हात जोडून पुढे गेल्या होत्या.

गावाच्या वरच्या अंगाला बचत गटाचा कारखाना होता. मालन एडके, छायाक्कांची आडव्या बाटलीच्या दिवसापासूनची मैत्रीण, तिथे सगळं बघायची. छायाक्का आत शिरल्या तेव्हा मालन चिनी मातीच्या बरणीचं तोंड फडक्याने बांधत होती.

"मालन, आपण हे किती दिवस मुरवतो?"

"वैद्यबुवांनी म्हैना सांगितलेला. पण लोकं म्हणायला लागली कडक पायजे, मग आपण दोन म्हैनं ठेवाय लागलो. गूळ पण वाढिवला. तूच हो म्हणालीस की. का गं?"

का, ते आता बरणीलाच विचारायला हवं होतं. धायटीच्या फुलांवर किण्व नावाचे बारीक जीव राहतात. त्यांना गोड रस मिळाला आणि हवा तुटली, की ते साखर खातात आणि तिची दारू करतात. आपण दारूच्या भट्टीत आहोत की औषधाच्या बरणीत, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. जितका गूळ जास्त आणि जितके दिवस जास्त, तितकी दारू जास्त. अखेर त्या दारूतच ते जीव बुडून मरेपर्यंत. वैद्यबुवांच्या मापाने, चमच्याने घेतलं तर ते औषध होतं. गटाच्या मापाने आणि पोरींच्या मापाने ते औषध राहिलं नव्हतं. दारू कुणी घातली नव्हती हे खरंच होतं. ती घालावी लागत नव्हती, एवढंच कुणी लक्षात घेतलं नव्हतं.

छायाक्कांनी सगळं सांगितलं. मालन बरणीला टेकून खाली बसली.

"आता?" ती म्हणाली.

"गुरुवारी उभी ऱ्हाते सभेत."

"येडी का खुळी तू?" मालन एकदम उसळली. "आगं, उद्यापासनं आपण गपचिप बंद करू. घरोघरच्या बाटल्या, खराब झाल्यात म्हणून माघारी आणू. काच आपोआप उतरंल. कुणाला काय कळतंय? आपल्या बायका कुठं जातील? आणि तुझं तोंड! छाया, ह्या तालुक्यात तुझ्या नावानं दारू सोडत्यात लोकं. तुझंच नाव बुडालं तर त्यांनी कुणाकडं बघायचं?"

खोटं कशाला बोला, छायाक्कांना हे पटलं. रस्त्याने घरी येताना त्या मनातल्या मनात बाटल्या माघारी आणायला लागल्यासुद्धा. पण शाळेजवळ आल्या आणि समोर खराडे उभे दिसले. ते काचेकडे बघत होते आणि शेजारी त्यांचा मुलगा खाली मान घालून उभा होता. मग छायाक्कांना कळलं. काच उतरायला वेळ लागणार, गुरुवार तर दोन दिवसांवर आला. वाट सापडली नाही म्हणून ठराव पास होणार. नवं यंत्र लगोलग बसणार आणि अंगातून उतरत असलेल्या निळ्या रंगाची नावं वाचणार. शर्वीचं, तिच्या संघातल्या पोरींचं, कदाचित त्या खाली मान घातलेल्या मुलाचं. दाखले हातात पडणार ते पोरांच्या आणि बरणीत गूळ ओतणाऱ्या बायका मात्र हसऱ्या फोटोत सुरक्षित राहणार.

त्यांनी शबानाला फोन करून बोलावून घेतलं.

"तुझी पट्टी आसवात बुडवून दाखवायची मला सभेत," त्या म्हणाल्या. "निळी हुईल न्हवं?"

शबानाने मान हलवली. "नाही होणार, अक्का. पट्टी दारू ओळखत नाही, यकृतातून गेलेली दारू ओळखते. ती माणसाच्या शरीरातून जावी लागते. आसवात दारू किती आहे ते मी प्रयोगशाळेतून काढून आणते, पण त्याला वेळ लागेल. आणि लोक म्हणतील, बाटलीत आहे म्हणून पोटात गेली कशावरून?"

छायाक्का म्हणाल्या, "माणसाच्याच अंगातनं जायाला पायजे न्हवं? मग माझ्या अंगातनं जाऊ दे."

शबानाने पुष्कळ समजावलं. वय, रक्तदाब, गरज काय. पण जिने एकदा अख्खं दुकान आडवं केलं होतं, तिच्यापुढे प्रथिनांच्या डॉक्टरचं काय चालणार? गुरुवारी दुपारी जेवणाआधी, शबानाच्या देखरेखीखाली, छायाक्कांनी पोरी घेत तेवढंच द्राक्षासव पेल्यात ओतलं. उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेला न लागलेल्या बाईने देवाकडे बघितलं, डोळे मिटले आणि पेला रिकामा केला.

चव चांगली होती. ती त्यांना माहीतच होती. पुढचं माहीत नव्हतं. थोड्या वेळाने गुडघे कुरकुरायचे थांबले. सभेची धास्ती कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखी गेली. शबानाने काही साधंसं विचारलं आणि छायाक्का खुदकन हसल्या, आणि हसत असतानाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय होतंय, अक्का?" शबाना घाबरली.

"काय न्हाई गं. बरं वाटतंय," छायाक्का म्हणाल्या. "लई बरं वाटतंय. आणि ह्ये त्या पंधरा वर्षांच्या पोरीला वाटलं असंल."

संध्याकाळच्या ग्रामसभेला सगळं गाव लोटलं होतं. खराडेंनी ठराव वाचला. बरेच जण माना डोलवत होते. मग छायाक्का उठल्या. दुपारचा अंमल उतरला होता, डोकंही ताळ्यावर होतं. हातात एक छोटी पारदर्शक डबी होती. त्यांनी ती वर धरली. डबीतली पट्टी निळ्या उजेडाने चमकत होती.

"सरपंच," त्या म्हणाल्या, "ज्याची पट्टी निळी त्याचं नाव गावाला कळाय पायजे म्हणता न्हवं? मग घ्या लिहून. ही पट्टी माझी हाय. नाव छाया जमदाडे."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. शबानाने उठून पट्टी कुणाची, कधीची, आणि पेल्यात काय होतं ते सांगितलं. मग छायाक्कांनी बरण्यांचं सांगितलं, दोन महिन्यांचं सांगितलं, वाढवलेल्या गुळाचं सांगितलं. पोरांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

"तुम्ही वाट हुडकत हुता. मी पण हुडकत हुते. वाट माझ्या कारखान्यातनं निघती आणि तुमच्या देव्हाऱ्यापाशी जाती. चूक माझी हाय. ह्या बायकांची न्हाई, त्यांनी मी सांगितलं तसं केलं."

"आसं कसं, मी पण गूळ घातलाय की!" मालन ओरडली. तिचा पदर तोंडाला होता, तरी ती उभी राहिली होती. तिच्यामागे गटातली दुसरी बाई उठली, मग तिसरी. आणि मग असं काही झालं, की शबाना पुढे कित्येक सभांमधून ते सांगताना गहिवरायची. पुरुषांच्या बाजूने खो-खोचे मास्तर उठले, "चमच्याची वाटी मी केली." एक म्हातारी उठली, "मी नातवाला ग्लासातनं देत हुते, झोप लागती म्हणून." आया उठल्या, बाप उठले. बसलेली माणसं मोजकीच राहिली आणि त्यांनाही बसून राहणं अवघड व्हायला लागलं. शेवटी खराडेंनी हातातला ठराव चार घड्या करून खिशात घातला आणि तेही उभे राहिले. "आमच्याकडं पण बाटली हाय," एवढंच ते म्हणाले.

सगळ्या बाटल्या गोळा झाल्या. बरण्या दुसऱ्या दिवशी कारखान्यामागच्या खड्ड्यात रिकाम्या केल्या. कारखान्याला कुलूप लागलं. गट पुढे काय करणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बेदाण्याचं काहीतरी करू, मालन म्हणत होती, पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता. काचेतला निळा उजेड हळूहळू खाली सरकू लागला, पण तळ काही सोडेना.

रविवारी सकाळी छायाक्का ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. शर्वी येऊन शेजारी बसली. सभेपासून ती आजीशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

"आज्जी, तुला बरं वाटंल आसं सांगू का खरं सांगू?"

छायाक्कांनी लसूण खाली ठेवला. "खरं सांग."

"शाळा सुटायच्या टायमाला लई आठवण येती त्याची. घसा सुकतो. कुठं मिळतंय का बघावं वाटतं. शुक्रवारी मी आमच्या संघातल्या शेवंताच्या घरात मागितलं पण. नव्हतं म्हणून बरं झालं." तिने लसणाची एक पाकळी उचलली आणि परत टाकली. "तू सगळ्यांसमोर नाव बुडवलंस आणि मी आजून आशीच हाय."

छायाक्कांनी तिला जवळ ओढलं. दारू वाईट, हे सांगायला त्यांच्याकडे चाळीस भाषणं तयार होती. त्यातलं एकही उपयोगाचं नाही हे त्यांना कळलं होतं, कारण तो पेला त्यांनीही रिकामा केला होता.

"शबाना येणार हाय मंगळवारी. शहरात तिच्या ओळखीची डॉक्टरीण हाय, पोरांचंच बघती. जाऊ आपण दोघी," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासनं शाळा सुटताना मी फाटकाशी येते."

शर्वी झटक्यात दूर झाली. "नको! सगळ्यांना कळंल. छायाक्काची नात म्हणून राखणीला आलीया म्हणतील."

"राखणीला कशाला यीन? मला करमत न्हाई. त्या टायमाला मी कारखान्यात आसायची. आता नुसती घड्याळाकडं बघत बसते."

शर्वीच्या चेहऱ्यावरची भीती गेली नव्हती आणि ती खरी होती. गावाने नाव विचारलं नव्हतं. आजी रोज फाटकाशी उभी राहिली असती तर न विचारता कळलं असतं. छायाक्का दिवसभर त्यावर विचार करत राहिल्या. संध्याकाळी मालन आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "शाळा सुटायचा टाईम लई वंगाळ गं. जीव नुसता कासावीस हुतो." कुणाचा जीव, हे त्यांनी सांगितलं नाही. मालननेही विचारलं नाही.

सोमवारी शाळा सुटायच्या आधी छायाक्का घरातून निघाल्या. जावं की जाऊ नये, हे वाटेतही ठरत नव्हतं. लांबून थोडा वेळ बघून परत फिरू, असं म्हणत त्या कोपऱ्यावर आल्या आणि थांबल्या.

फाटकाशी मालन उभी होती. तिच्या शेजारी गटातल्या सगळ्या बायका होत्या. ज्यांची पोरं शाळेत होती त्या होत्या, ज्यांची कधीच शिकून गेली त्याही होत्या, आणि जिला मूलबाळच नव्हतं ती शेवंताची काकूही शेंगदाण्यांची पिशवी घेऊन उभी होती. मालनच्या घरची म्हातारी एडके आजी तर दगडावर पाय पसरून बसली होती.

"तुम्ही कशा काय?" छायाक्कांनी विचारलं.

"कारखाना बंद," मालन म्हणाली. "घरात बसून काय करू? पोरींचा खेळ तरी बघू."

घंटा झाली. पोरं बाहेर आली आणि एवढ्या बाया बघून बावरली. शर्वीने आधी आजीकडे बघितलं, मग त्या सगळ्या गर्दीकडे. कोण कुणासाठी आलंय, हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. तिने दप्तर खांद्यावर सरकवलं आणि सगळ्यांसमोर येऊन आजीचा हात धरला. शेवंताच्या काकूने दोघींच्या ओंजळीत शेंगदाणे घातले आणि सगळ्या जणी पोरांबरोबर मैदानाकडे चालू लागल्या.